आरशातल्या मुलीला पटेल असं वाक्य

सुरुवातीलाच एक कबुली देते. मी दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये होते. त्यामुळे पहिली वेलांटी कुठे आणि दुसरी कुठे याबाबत माझं आणि मराठीचं अजून नीट जमलेलं नाही. या लेखातल्या बऱ्याच चुका मराठी विभागाच्या संपादिकेने दुरुस्त केल्या आहेत. ज्या उरल्या असतील त्या माझ्या!

आमच्या शाळेत एक शिक्षा होती, इम्पोझिशन. वर्गात बोलताना सापडलं की घरून शंभर वेळा लिहून आणायचं, 'आय विल नॉट टॉक इन क्लास'. मी ही शिक्षा इतक्या वेळा भोगली की त्यात माझं स्वतःचं एक तंत्र तयार झालं होतं. आधी पानभर खाली खाली नुसतं 'आय' लिहायचं, मग त्याच्या शेजारी पानभर 'विल', मग 'नॉट'. अशा उभ्या रांगा ओढत गेलं की काम निम्म्या वेळात व्हायचं आणि आपण काय लिहितोय हे डोक्यापर्यंत पोचायचंही नाही. दुसऱ्या दिवशी वही टीचरच्या टेबलावर ठेवून जागेवर येईपर्यंत मी शेजारणीशी बोलायला लागलेली असायचे.

एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हटलं की माणूस बदलतो, या थिअरीचा माझ्यावर झालेला तो पहिला प्रयोग. तो साफ फसला होता. दुसरा प्रयोग मी स्वतःच स्वतःवर केला, तो मागच्या वर्षी, आपल्याच हॉस्टेलमध्ये. आज सांगायचं आहे ते त्याच्याबद्दल.

झालं असं की एस.ई.ला दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या. पहिली म्हणजे ओरल. विषय ऑप-अँपचा होता. आदल्या रात्री मी माझ्या रूमपार्टनरला 'व्हर्च्युअल ग्राउंड' शिकवला होता. इन्व्हर्टिंग ॲम्प्लिफायरमध्ये ते टोक ग्राउंडला जोडलेलं नसतं, तरी त्याचं व्होल्टेज जवळजवळ शून्यच राहतं. का? तर गेन प्रचंड असतो आणि आउटपुट फीडबॅकमधून परत येऊन त्या टोकाला तिथेच धरून ठेवतो. रात्री मी हे वहीच्या मागच्या पानावर आकृती काढून छान सांगितलं. सकाळी एक्स्टर्नलनी नेमकं तेच विचारलं आणि माझ्या तोंडातून शब्द फुटेना. घशाला कोरड, हात गार. शेवटी मी काहीतरी गुळगुळीत इंग्रजीत बोलत राहिले. ते हसून म्हणाले, "इंग्लिश चांगलं आहे. पण आत काय आहे?" आणि पुढच्या रोल नंबरला हाक मारली.

ते वाक्य मी रूमवर घेऊन आले, जेवताना घेऊन बसले, झोपताना उशाला घेतलं.

दुसरी गोष्ट म्हणजे एम-थ्री. ७० पैकी १९. केटी! आमच्या घरात केटी हा शब्द तोवर कुणी उच्चारलाच नव्हता. फोनवर आईला समजावून सांगावं लागलं की केटी म्हणजे नापास, पण थोडं सभ्य नापास.

आपल्याकडे असा समज आहे की कॉन्व्हेंटच्या पोरांना कॉन्फिडन्स जन्मजात असतो. खरं सांगू? माझं इंग्रजी हाच माझा व्हर्च्युअल ग्राउंड होता. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं की ही पक्की जमिनीवर उभी आहे. आतून कुठलीच वायर जोडलेली नव्हती.

याच सुमारास आपल्या सेमिनार हॉलमध्ये व्यक्तिमत्त्व विकासावर एक व्याख्यान झालं. वक्त्यांनी सांगितलं, रोज सकाळी आरशासमोर उभं राहा, स्वतःच्या डोळ्यांत बघा आणि म्हणा, 'आय ॲम कॉन्फिडंट. आय ॲम द बेस्ट.' सलग २१ दिवस. बाविसाव्या दिवशी तुम्ही वेगळेच असाल! टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. संध्याकाळी स्टेशनरीच्या दुकानातून पिवळ्या चिकटचिठ्ठ्यांचं पाकीट आणलं. कपाटावर 'आय ॲम अ टॉपर', कॉटच्या दांडीवर 'आय कॅन डू एनीथिंग', अगदी बादलीवरसुद्धा एक चिठ्ठी लावली. ती पहिल्याच दिवशी भिजून गेली.

आरसा आपल्याकडे कॉमन बाथरूममध्ये, बेसिनवर, कोपऱ्यात टिचलेला. कुणी बघू नये म्हणून मी पावणेसहाला जायचे. चौथ्या दिवशी झाडायला आलेल्या मावशींनी विचारलं, "ताई, कुनाशी बोलताय एवढ्या सकाळी?" मी म्हटलं, "ओरलची प्रॅक्टिस." त्या म्हणाल्या, "मग पुस्तक कुठंय?"

हसण्यावारी नेलं, पण त्या काळात माझं काही बरं चाललं नव्हतं. मी 'आय ॲम द बेस्ट' म्हटलं की लगेच आतून उत्तर यायचं, 'हो का? मग एकोणीस कुणाला पडले?' 'आय ॲम कॉन्फिडंट' म्हटलं की 'आत काय आहे?' जितक्या जोरात मी म्हणायचे तितक्या जोरात आतली वकीलबाई उलटतपासणी घ्यायची. साधारण दहाव्या दिवशी लक्षात आलं की पूर्वी मला फक्त अभ्यासाला बसल्यावर भीती वाटायची, आता दात घासतानाच वाटायला लागली आहे. चिठ्ठ्या काढून टाकल्या. वर आणखी एक गिल्टी फीलिंग, की एवढं सोपं कामही आपल्याला २१ दिवस जमलं नाही!

रूमपार्टनर परभणी जिल्ह्यातली, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली. ती मला 'ए कॉन्व्हेंट' म्हणते, मी तिला 'परभणीकर'. गणितात ती भारी, पण इंग्रजीत तोंड उघडायला घाबरते. म्हणजे आम्ही दोघी मिळून एक पूर्ण इंजिनिअर! तिने चिठ्ठ्या कचऱ्यात बघितल्या आणि म्हणाली, "अगं, पटत नाही ते कशाला बोलायचं? मी रोज 'माझं इंग्लिश फर्स्ट क्लास आहे' म्हटलं तर मलाच हसू येईल." मी तेव्हा चिडले. पण ते डोक्यात राहिलं, आणि मग मी हा विषय जरा शोधून वाचायला लागले. जे सापडलं ते इतकं मजेशीर होतं की एम-थ्रीपेक्षा जास्त वेळ मी त्यातच घालवला.

ही सगळी भानगड सुरू केली एका औषधवाल्याने! एमिल कुए, जन्म १८५७, फ्रान्समधला फार्मासिस्ट. त्याच्या लक्षात आलं की औषध देताना आपण त्याची दोन शब्द तारीफ केली तर गिऱ्हाइकाला जास्त गुण येतो. बाटली तीच, औषध तेच. त्यातून त्याने स्वयंसूचनेची पद्धत काढली. नान्सी या गावात तो लोकांना फुकट शिकवायचा. मी दिवसेंदिवस सगळ्या बाजूंनी सुधारत चाललो आहे, अशा अर्थाचं एक छोटं वाक्य त्याने दिलं होतं. ते झोपताना आणि उठल्यावर वीस वेळा पुटपुटायचं. मोजायला वीस गाठींची दोरी. म्हणजे आपली जपमाळच की! १९२० नंतरच्या काही वर्षांत इंग्लंड-अमेरिकेत त्याची तुफान लोकप्रियता होती. १९२६ साली तो गेला.

पण कुए जे बजावून सांगत होता ते आमच्या व्याख्यानात आलंच नव्हतं. तो म्हणायचा, जोर लावू नका. इच्छाशक्ती आणि कल्पनाशक्ती यांची लढाई लागली की दर वेळी कल्पनाच जिंकते. त्याचं उदाहरण फळीचं आहे. फूटभर रुंदीची लांब फळी जमिनीवर टाकली तर तिच्यावरून कोणीही चालत जाईल. तीच फळी चर्चच्या उंच मनोऱ्याएवढ्या उंचीवर ठेवा. आता 'मी पडणार नाही' असं कितीही ओरडलात तरी पाय लटपटणारच, कारण मनाने पडणं आधीच बघितलेलं असतं. बेसिनसमोर माझं नेमकं हेच होत होतं. तोंड म्हणत होतं 'बेस्ट', आणि मन एक्स्टर्नलचा चेहरा बघत होतं.

आणि ते २१ दिवस? त्याची गोष्ट तर आपल्या ब्रँचच्या जवळची निघाली. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचा अमेरिकन प्लास्टिक सर्जन होता. त्याने पाहिलं की ऑपरेशननंतर पेशंटला आरशातल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान २१ दिवस लागतात. हे त्याने १९६० च्या 'सायको-सायबरनेटिक्स' या पुस्तकात लिहिलं. पुढे लोकांनी त्यातलं 'निदान' गाळलं, चेहरा गाळला आणि उरले नुसते २१ दिवस. लंडनमधल्या संशोधकांनी नंतर ९६ लोकांच्या नव्या सवयी खरोखरच मोजून बघितल्या. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५० च्या पुढे. म्हणजे दहाव्या दिवशी आपण नालायक ठरतो हा माझा निष्कर्ष चुकीचा होता.

पुस्तकाच्या नावातला 'सायबरनेटिक्स' हा शब्द गाजवला गणितज्ञ नॉर्बर्ट वीनरने, १९४८ च्या त्याच्या पुस्तकातून. विषय काय, तर फीडबॅक! यंत्र आणि प्राणी आपलं चुकलेलं बघून स्वतःला कसं सावरतात. म्हणजे आपलं कंट्रोल सिस्टीम. माल्ट्झने माणसाच्या मनाची कल्पना तिथूनच उचलली. हे वाचलं आणि माझी ट्यूब पेटली. आरशासमोर मी चालवत होते ती ओपन लूप सिस्टीम! इनपुट देत राहायचं, आउटपुट काय येतंय ते बघायचंच नाही. इम्पोझिशनसुद्धा ओपन लूपच होतं. आणि मन मात्र गपचूप लूप क्लोज करतच असतं. त्याने रेफरन्स बघितला, 'टॉपर'. आउटपुट बघितला, १९. दोघांची वजाबाकी केली आणि एवढा मोठा एरर माझ्या हातात ठेवला, रोज सकाळी पावणेसहाला. रेफरन्स फार वर नेला तर मोटर काय करते, हे लॅबमध्ये बघितलंच आहे तुम्ही. तिच्या हातात आहे तेवढा जोर ती लावते, त्यापुढे सॅच्युरेट. रेफरन्स आणखी वाढवून तिचा वेग वाढत नाही.

हे माझ्या एकटीचं नाही. कॅनडामधल्या जोआन वुड आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच खाली होतं, अशा विद्यार्थ्यांना 'मी प्रेम करण्यासारखी व्यक्ती आहे' अशा अर्थाचं वाक्य थोड्या थोड्या वेळाने मनात म्हणायला सांगितलं. न म्हणणाऱ्यांपेक्षा त्यांना जास्त वाईट वाटलं! ज्यांचं मत आधीच चांगलं होतं त्यांना थोडासा फायदा झाला. म्हणजे औषध लागू पडतं ते निरोग्यांना. प्रामाणिकपणे हेही सांगते की २०२० मध्ये दुसऱ्यांनी हा प्रयोग करून बघितला तेव्हा असा निकाल आला नाही. त्यामुळे याला न्यूटनचा नियम समजू नका. पण माझ्या बाबतीत वुडबाईंचं बरोबर होतं, याला बेसिनवरचा आरसा साक्षी आहे.

मग काय, वाक्यं सोडूनच द्यायची? मलाही काही दिवस तसंच वाटलं. पण एका गोष्टीने विचार करायला लावलं. 'तुला जमणार नाही' हेसुद्धा एक वाक्यच आहे. ते मी दिवसातून शंभर वेळा, कुठलीही दोरी न घेता, न चुकता म्हणत होते. आणि ते मात्र व्यवस्थित काम करत होतं! का? त्याच्यामागे पुरावा होता, खरा का होईना पण एकच. आणि दुसरं कारण मला खूप उशिरा कळलं. ते मराठीत होतं.

हे जरा सांगते. मी बोलते इंग्रजीत, पेपर लिहिते इंग्रजीत, लॅपटॉपवर शिव्याही इंग्रजीत देते. पण भीती मला मराठीत वाटते. लहानपणी घरी लग्नाला जमलेल्या बायकांत एक लांबची काकू म्हणाली होती, "हिला कसलं झेपतंय इंजिनिअरिंग, ही नुसती बडबडी." तो आवाज अजून त्याच भाषेत येतो. आणि मी त्याला उत्तर देत होते 'आय ॲम कॉन्फिडंट'. आवाज तळघरात आणि मी गच्चीवरून ओरडतेय. काकूला ते कळणार कसं?

आमची आजी रोज दिवेलागणीला रामदासांचे मनाचे श्लोक म्हणायची. एकूण २०५ आहेत. मी शाळेतल्या प्रार्थना पाठ करायचे आणि ती तिचे श्लोक, दोघींचं एकाच खोलीत चालायचं. तेव्हा मी ऐकून सोडून द्यायचे. आता लक्षात आलं की त्यात 'मी असा आहे, मी तसा आहे' असं सांगणं नाहीच. समर्थ मनाला हाक मारतात, समोर बसवतात आणि समजावतात, जसं मोठ्या माणसाने पोराला समजवावं. आणि गंमत म्हणजे २०१४ साली अमेरिकेत ईथन क्रॉस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काय दाखवलं? भाषणाच्या आधी 'मी' असं न म्हणता स्वतःला नावाने हाक मारून, 'तू' म्हणून बोलणाऱ्यांची घबराट कमी होते आणि भाषणही बरं होतं. आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "एवढ्यासाठी अमेरिकेला कशाला जायचं?"

मग परभणीकर आणि मी एका रविवारी मेसची फीस्ट झाल्यावर बसलो आणि नव्याने वाक्य बनवायला घेतलं. तिची अट एकच, "पटलं पाहिजे. म्हटल्यावर आतून 'हो का?' आलं तर कॅन्सल." मी 'मला एम-थ्री येतं' म्हटलं. हो का? कॅन्सल. 'मी एम-थ्री काढणारच.' हो का? कॅन्सल. 'मी प्रयत्न करीन.' यावर आतून काही आलं नाही, पण परभणीकर म्हणाली की हे इतकं गुळमुळीत आहे की याला विरोध करायचीही कुणाला गरज वाटत नाही. शेवटी तिने माझी वही ओढली, उलटली आणि म्हणाली, "लाप्लासची ही पाच उदाहरणं कुणी सोडवलीत?" मी म्हटलं, मी. "कॉपी मारून?" नाही. "मग हेच लिही."

कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने (बाहेरून नाही!) मी लिहून लावलं, 'पाच तू स्वतः सोडवली आहेस. सहावं उघड.'

किती साधं वाक्य! याला कुठल्या व्याख्यानात टाळ्या पडणार नाहीत. पण मी ते मनात म्हटलं आणि आतली वकीलबाई गप्प. तिच्याकडे मुद्दाच नव्हता. पाच सोडवली होती हे खरं होतं, आणि सहावं उघडायला कुठल्याही कॉन्फिडन्सची गरज नव्हती, फक्त हाताची होती.

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली हेच मांडलं आहे. आपल्याला जमेल हा विश्वास चार ठिकाणांहून येतो, असं तो म्हणतो. स्वतः केलेलं काम, आपल्यासारख्याच कुणाला तरी ते जमताना बघणं, कुणी धीर देणं आणि आपल्या शरीराची त्या वेळची अवस्था. यात सगळ्यात वजनदार म्हणजे स्वतः केलेलं काम. नुसतं सांगणं त्यामानाने हलकं, आणि प्रत्यक्षात आपटी खाल्ली की ते लगेच विरतं. म्हणजे आरशासमोर मी चारातली हलकी गोष्ट घेऊन भारी दगड उचलायला निघाले होते. वाक्याने स्वतःचं काम असं काही करायचं नसतं. केलेल्या कामाकडे बोट दाखवायचं आणि पुढच्या कामाकडे ढकलायचं, एवढंच.

म्हणून वाक्य आठवड्याला बदलावं लागतं, हे आम्हाला करता करता कळलं. रेफरन्स आउटपुटच्या एकच पायरी पुढे. लाप्लासची वीस झाल्यावर 'पाच सोडवली आहेस' म्हणण्यात अर्थ नव्हता. मग आलं, 'पार्शल फ्रॅक्शनला परवा अडकलीस, काल नाही अडकलीस.' फोरिअरला मी चार दिवस काहीच केलं नाही. तेव्हा पुरावाच नव्हता, म्हणून वाक्यही नाही. परभणीकर म्हणाली, "खोटं लावू नकोस, रिकामं ठेव." तो रिकामा चौकोन बघून जी लाज वाटली तिने पाचव्या दिवशी पुस्तक उघडायला लावलं.

ओरलचं मात्र वेगळं होतं. तिथे प्रश्न अभ्यासाचा नव्हता, धडधडीचा होता. 'शांत राहा' असं मी स्वतःला कितीतरी वेळा बजावलं होतं. धडधडणारं हृदय बजावून थांबत नाही. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ साली याच्यावर प्रयोग केले आहेत. लोकांना अनोळखी माणसांसमोर गायला, भाषण करायला, गणितं सोडवायला लावलं. 'मी शांत आहे' म्हणणाऱ्यांपेक्षा 'मला उत्साह वाटतोय' म्हणणाऱ्यांनी चांगलं केलं. कारण भीतीत आणि उत्साहात धडधड सारखीच असते. तिला थांबवण्यापेक्षा नाव बदलून देणं सोपं. आता एक्स्टर्नलसमोर उभं राहताना मला उत्साह वाटतोय हे काही मला पटलं नसतं. अट तीच, 'हो का?' येता कामा नये. म्हणून आम्ही माझ्यापुरतं बनवलं, 'हात थरथरू देत. आकृती काढायला लाग.'

हे वाक्य मी या सेमिस्टरला वापरलं. एक्स्टर्नलनी विचारलं, रूट लोकसवरून स्टेबिलिटी कशी सांगशील? शब्द पुन्हा अडकले. तेच गार हात, तीच घशाची कोरड, काही म्हणजे काही बदललेलं नव्हतं! मी म्हटलं, "सर, आकृती काढून सांगू?" ते हो म्हणाले. दोन अक्ष काढले, रेघ थरथरत गेली, पण गेली. मग पोल मांडले. उजव्या बाजूला गेला की अनस्टेबल, असं म्हणेपर्यंत तोंड सुरू झालं होतं. पुढचा प्रश्न मला आला नाही. 'येत नाही' असं सांगितलं. तेही मी पहिल्यांदाच कुठल्याही ओरलमध्ये सरळ सांगितलं, इंग्रजीची शाल न पांघरता.

एम-थ्री सुटली. ७० पैकी ३७. डिस्टिंक्शन नाही, फर्स्ट क्लासही नाही. आईने फोनवर विचारलं, "म्हणजे आता सभ्य पास का?"

एक गोष्ट मात्र गांभीर्याने सांगायची आहे. हे सगळं साध्या, रोजच्या न्यूनगंडासाठी. झोप आठवडेच्या आठवडे लागत नसेल, मेसमध्ये जावंसंच वाटत नसेल, जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर ते वाक्याचं काम नाही, डॉक्टरांचं आहे. रेक्टर मॅडमना सांगा, मित्राला सांगा. सरकारची टेलि-मानस ही सेवा आहे, नंबर १४४१६, फुकट, चोवीस तास, आणि मराठीतही बोलता येतं. मागच्या वर्षी चिठ्ठ्या फाडल्या त्या आठवड्यात मला हा नंबर माहीत असता तर मी कदाचित लावला असता. हे लिहिताना लाज वाटत नाहीये, म्हणून लिहिते आहे.

आता पाळी परभणीकरची आहे. पुढच्या आठवड्यात कॅम्पसला पहिली कंपनी येते आहे आणि तिचा इंटरव्ह्यू इंग्रजीत आहे. तिने तिच्या कपाटात काय लावलंय ते सांगायला तिने बंदी केली होती. खूप विनवण्यांनंतर परवानगी मिळाली. 'काल वॉचमनकाकांना नाही, रेक्टर मॅडमना इंग्रजीत दोन वाक्यं बोललीस. आज तिसरं.' यातलं पहिलं वाक्य खरं आहे, मी तिथे होते. गीझर बंद आहे, एवढंच ती म्हणाली आणि कधीपासून ते सांगितलं. मॅडमनी मराठीत उत्तर दिलं, पण ते असो.

हे लिहीत असताना रात्रीचे सव्वाबारा झाले आहेत. ती समोरच्या कॉटवर भिंतीकडे तोंड करून 'टेल मी अबाऊट युवरसेल्फ'चं उत्तर अकराव्यांदा म्हणते आहे. प्रत्येक वेळी 'माय नेटिव्ह प्लेस' पाशी अडखळते, थांबते, स्वतःला नावाने हाक मारून काहीतरी पुटपुटते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. आत्ता वळून म्हणाली, "ए कॉन्व्हेंट, लेख पुरे कर आणि माझं ऐक. या वेळी मध्येच बोलायचं नाही." नाही बोलणार. हवं तर शंभर वेळा लिहून देते.